तीन लीटरवाले कृष्णराव

मी पुण्याचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे स्वभावाची फोड करत बसायला नको. चार वर्षांपूर्वी पीथमपूरला इंजिनं तपासण्याच्या नोकरीवर आलो आणि इंदूरला घर केलं. इथले पोहे मला गोड लागले, इथली मराठी कानाला टोचली आणि इथल्या गाडीवेड्यांनी पहिल्याच महिन्यात माझं डोकं फिरवलं.

ही मंडळी दर रविवारी सकाळी सात वाजता सुपर कॉरिडॉर या रुंद रस्त्याच्या कडेला एका पोहेवाल्यापाशी जमतात. पंधरा-वीस गाड्या असतात, सगळ्या स्पोर्ट्स कार. काही नव्याकोऱ्या, काही माझ्या वयाच्या. बरेच जण होळकरांच्या दरबारात नाहीतर फौजेत असलेल्या घराण्यांतले. आता कुणाचं कोल्ड स्टोरेज आहे, कुणाचा दवाखाना, कुणी नुसतंच घरभाड्यावर जगतं. पण तिथे कुणाला आडनाव नसतं. प्रत्येकाला त्याच्या इंजिनाच्या मापाने हाक मारतात. "अडीच कुठे आहेत आज?" "अडीच उज्जैनला गेलेत लग्नाला. दोन येऊन राहिले आहेत." नवख्या माणसाला वाटावं, इथे दुधाचा रतीब घालतात.

आता इंजिनाचं माप ही काही कविता नाही. सिलिंडरची रुंदी मोजायची, पिस्टन किती वर-खाली जातो ते मोजायचं, हिशेब करायचा आणि जितके सिलिंडर तितक्या पटीने वाढवायचा. उत्तर येतं सीसीमध्ये, हजार सीसीचा एक लीटर. पण गाडीच्या पाठीवर हे उत्तर जसंच्या तसं क्वचितच लिहिलेलं असतं. पंधराशे अठ्ठ्याण्णवला एक पॉइंट सहा म्हणतात, एकोणीसशे एक्क्याण्णवला दोन. मंडळातल्या यशवर्धनच्या गाडीवर 'पाच' लिहिलंय आणि आत आहेत चार हजार नऊशे एक्कावन्न. हे मी त्याला दुसऱ्याच रविवारी तोंडावर सांगितलं.

यशवर्धन पन्नाशीचा, उंच, भरघोस मिशांचा. त्याचा पोह्यांचा चमचा तोंडापाशीच थांबला.

"सुशांत भिया," तो म्हणाला, "एकोणपन्नास सीसी. अर्धा कट चहा पण नाही यार. एवढ्यासाठी तुम्ही माझं नाव बदलणार?"

"नाव मोठं, लक्षण खोटं," मी म्हणालो.

चार रविवार तो माझ्याशी बोलला नाही. पाचव्या रविवारी स्वतःच जलेबी घेऊन आला आणि म्हणाला, "चला, चार हजार नऊशे एक्कावन्नकडून." इंदूरच्या माणसाला फार वेळ रुसता येत नाही, मध्ये खाणं येतं.

हळूहळू माझ्या लक्षात आलं की हा आकडा त्यांना माप म्हणून नको असतो. एका डॉक्टरसाहेबांनी नवी गाडी घेतली. तिच्या पाठीवर कंपनीने 'पंचेचाळीस' असा आकडा चिकटवला होता आणि आत इंजिन होतं दोन लीटरचं. हल्ली असे आकडे निघालेत, त्यांचा इंजिनाशी काही संबंध नसतो. डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी बायकोचा हेअर ड्रायर लावून तो आकडा उपटून काढला. म्हणाले, "अपन जे नाही ते पाठीवर घेऊन कसं फिरायचं?" लोक लाखो रुपये देऊन मोठेपणा चिकटवून घेतात, या माणसाने चिकटवलेला काढला. तेव्हापासून माझी जीभ जरा आवरली. या लोकांबद्दल मला आदर वाटायला लागला, हे आता कबूल करायला हरकत नाही.

आणि मग त्यांचं ते बारसं. कुणाचंही इंजिन उघडून नव्याने बांधलं की मंडळ त्याचं बारसं करतं. बॉनेट उघडून गाडी उभी करायची, इंजिनाला झेंडूची माळ घालायची. मालकाने मापाची चिठ्ठी मंडळातल्या सगळ्यात ज्येष्ठ माणसाकडे द्यायची. त्याने वाकून, हवा आत जाते त्या नळीच्या तोंडाशी "कुर्रर्र" करून इंजिनाच्या कानात त्याचं माप सांगायचं, पुरं, शेवटच्या सीसीपर्यंत. आणि खऱ्या बारशात आत्याच्या पाठीत बायका गुद्दे घालतात तसे सगळ्यांनी त्या ज्येष्ठाच्या पाठीत गुद्दे घालायचे. घुगऱ्यांच्या जागी पोहे. वर्षभर कुणी काहीही म्हणो, पाच म्हणो की सहा, बारशाला मात्र खरा आकडा. मी आल्यापासून चिठ्ठीवरचा आकडा मोजून सही करायचं काम माझ्याकडे आलं. पुणेकराला अजून काय हवं!

कुर्र करणारे म्हणजे अप्पासाहेब. वय एकोणऐंशी. आधी एका कापड गिरणीच्या वर्कशॉपात होते, गिरणी बंद पडल्यावर त्यांनी स्वतःचं बोअरिंगचं दुकान टाकलं. झिजलेला सिलिंडर आतून तासून पुन्हा गोल करायचा, हे त्यांचं काम. इंदूरमध्ये एक काळ असा होता की चांगलं इंजिन उघडलं की ते अप्पासाहेबांकडेच जायचं. दहा वर्षांपूर्वी त्यांनी मशीन विकलं. त्यांच्याकडे स्वतःची गाडी नाही, कधीच नव्हती. त्यांना न्यायला-आणायला दर रविवारी कुणाची तरी गाडी हजर असते आणि ते नेहमी त्यातल्या त्यात साध्या गाडीत बसतात.

मंडळातलं सगळ्यात मोठं नाव मात्र हयात नव्हतं. तीन लीटरवाले कृष्णराव वाबळे. त्यांची लाल कूपे, दोन दारांची, सहा सिलिंडरची, एका गिरणीमालकाने परदेशातून आणलेली आणि गिरणी बुडाल्यावर कृष्णरावांनी घेतलेली. हातोदच्या पुढे एका ओळखीच्या शेतमालकाची टेकडी आहे. तिच्यावर दीड किलोमीटरचा खासगी रस्ता आहे. दर हिवाळ्यात मंडळ तिथे घड्याळ लावून एकेक गाडी चढवतं. इंजिनाच्या मापाप्रमाणे दोन वर्ग असतात, अडीचपर्यंतचा आणि त्यावरचा. लहान इंजिनाला मोठ्या वर्गात उतरायची मुभा आहे, मोठ्याला लहानात नाही. २००४ साली कृष्णरावांनी मोठ्या वर्गात अठ्ठावन्न पॉइंट चार सेकंदांची वेळ लावली, ती आजवर कुणी मोडलेली नाही; मंडळाच्या बोर्डावर अजून पहिलं नाव त्यांचंच आहे. यशवर्धन दुसरा, साडेतीन लीटरच्या गाडीत, एकोणसाठ पॉइंट एक. एकवीस वर्षं झाली, यशवर्धनने तीन गाड्या बदलल्या, पण ते पॉइंट सात सेकंद त्याच्या घशात अडकलेले आहेत.

कृष्णराव मी येण्याआधीच, पाच वर्षांपूर्वी गेले. गाडी त्यांच्या मुलीकडे आली. मधुरिमा एकोणतीस वर्षांची, फिजिओथेरपिस्ट, बोलायला चुरुचुरु आणि हाताने कणखर. गाडी तेल खायला लागली म्हणून तिने इंजिन उघडायचं ठरवलं. अप्पासाहेब नको म्हणाले. "चालू आहे ना? चालू द्या. जुन्या इंजिनाला हात लावू नये." ती ऐकणारी नव्हती. पोलोग्राउंडच्या एका वर्कशॉपमध्ये इंजिन खाली उतरवलं आणि मोजायला मला बोलावलं.

मी रुंदी मोजायचं बोअर गेज पहिल्या सिलिंडरमध्ये घातलं. या कंपनीच्या तीन लीटर इंजिनाच्या सिलिंडरची रुंदी एकोणनव्वद मिलिमीटर असते. झिजल्यावर थोडी जास्तच, कमी कधीच नाही. गेज म्हणालं, शहाऐंशी आणि किंचित.

मी गेज पुसलं. पुन्हा घातलं. सहाही सिलिंडर मोजले. मग पिस्टन किती वर-खाली जातो ते मोजलं. ऐंशी हवं होतं, भरलं एकाहत्तर पॉइंट सहा.

"काय झालं सुशांतजी? चेहरा का असा केला तुम्ही?" मधुरिमाने विचारलं.

"हे तीन लीटरचं इंजिन नाही," मी म्हणालो. "अडीचचं आहे. याच कंपनीचं, बाहेरून हुबेहूब तसंच दिसतं. पण दोन हजार चारशे पंच्याण्णव."

"असं कसं? आरसी बुकमध्ये दोन हजार नऊशे शहाऐंशी लिहिलंय. डिक्कीवर तीन लिहिलंय."

"डिक्कीवर काहीही लिहिता येतं."

हे वाक्य मी बोललो आणि ते परत गिळता आलं असतं तर बरं झालं असतं. तिचा चेहरा पडला. तिने हातातलं फडकं घट्ट पिळलं, ते कोरडं होतं तरी.

"म्हणजे बाबा झूठ बोलत होते?" ती म्हणाली. "इतके साल? सगळ्यांच्या समोर?"

इंजिन आत कुणी बदललं, कधी बदललं, मालकाला ठाऊक होतं की नव्हतं, हे गेज सांगत नाही. पण कृष्णराव स्वतः गाडीखाली झोपणारे गृहस्थ होते. अर्धा लीटर गायब झालेलं त्यांना कळलं नसेल, हे मला पटेना, आणि तिलाही पटत नव्हतं.

सिलिंडर झिजले होते. वर्कशॉपने ते अर्धा मिलिमीटर वाढवून तासले, नवे पिस्टन बसवले. नवं माप झालं दोन हजार पाचशे पंचवीस. पुढच्या रविवारी बारसं होतं. चिठ्ठी मला लिहायची होती आणि मधुरिमाला ती द्यायची होती. वीस माणसांसमोर, यशवर्धनसमोर, तिच्या वडिलांना खोटं ठरवणारा आकडा मोठ्याने वाचला जाणार होता.

"आधी अप्पाकाकांना विचारू," ती म्हणाली. "बाबांचं इंजिन तेच बघायचे."

अप्पासाहेब कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांमागच्या, म्हणजे होळकरांच्या समाध्यांमागच्या गल्लीत राहतात. आम्ही गेलो तेव्हा ते खुर्चीत बसून नातवाच्या सायकलचा ब्रेक जुळवत होते. मधुरिमाने सगळं सांगितलं. बोअर शहाऐंशी म्हटल्यावर त्यांच्या हातातला पाना थांबला, पण त्यांनी "पुन्हा मोजा" असं म्हटलं नाही. मला तिथेच कळायला हवं होतं. आयुष्यभर सिलिंडर तासलेला माणूस असा आकडा ऐकून आधी मोजणाऱ्याचे कान उपटतो.

"तीनच लिहा चिठ्ठीवर," ते म्हणाले.

"काय?" मी जवळजवळ ओरडलो.

"तीन लीटर. कृष्णराव तीनवाला होता, तीनवालाच राहू दे. गेलेल्या माणसाचं नाव कशाला काढायचं?"

माझं पित्त खवळलं. शेवटच्या सीसीपर्यंत बोला म्हणणारा हा माणूस मला खोटी सही करायला सांगत होता. मी म्हणालो, "अप्पासाहेब, मी एकोणपन्नास सीसीसाठी यशवर्धनशी भांडलो. इथे पाचशेचा प्रश्न आहे." ते ब्रेकची तार ओढून बघत राहिले.

बाहेर आल्यावर मधुरिमा म्हणाली, "यशवर्धन अंकल काय म्हणतील, माहितीये? म्हणतील, कृष्णरावची गाडीच फर्जी होती तर टाइम पण फर्जी असेल. बोर्डावरून नाव पुसा."

"म्हणेल," मी म्हणालो. मला तेच वाटत होतं.

"मला बाबांनी गाडी शिकवली ना सुशांतजी, तेव्हा पहिले तेल बघायची डिपस्टिक दाखवली होती. बोलले, इंजिन आणि डॉक्टर, यांच्याशी झूठ बोलायचं नाही."

शनिवारी मी चिठ्ठी लिहायला बसलो. आणि मी, सदाशिव पेठेत वाढलेला, दुकानदाराने दोन ग्रॅम कमी दिले तर परत जाणारा माणूस, दोन चिठ्ठ्या लिहिल्या. एकीवर दोन हजार पाचशे पंचवीस. दुसरीवर दोन हजार नऊशे शहाऐंशी. दोन्हींवर सही केली. दुसरीवरही केली, कारण त्या पोरीचा पडलेला चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. रविवारी सकाळी मी दोन्ही चिठ्ठ्या तिच्या हातात ठेवल्या.

"जी हवी ती दे," मी म्हणालो. "कुणी विचारलं तर मी मोजलंय असं सांगेन."

तिने दोन्ही वाचल्या. माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली आणि बरंही वाटलं. मग तिने खोटी चिठ्ठी चार तुकडे करून ओढणीच्या टोकात बांधली.

"तुम्ही माझ्यासाठी झूठ लिहिलं, हे मी कधी विसरणार नाही," ती म्हणाली. "पण बाबांच्या गाडीला खोट्या नावाने हाक कशी मारू? लोक जे बोलतील ते मी ऐकून घेईन."

बॉनेट उघडलं होतं. झेंडूची माळ घातली होती. सगळे भोवती जमले. यशवर्धन सगळ्यात पुढे, हात मागे बांधून, एकवीस वर्षं ज्याच्या मागे राहिला त्या इंजिनाकडे बघत होता. मधुरिमाने चिठ्ठी अप्पासाहेबांना दिली.

अप्पासाहेबांनी चष्मा पुसला, चिठ्ठी वाचली. मग तिच्याकडे पाहिलं. ती मान ताठ करून उभी होती, पण ओठ दाताखाली धरला होता. मला वाटलं, आता हे तीन म्हणणार, आणि ही बिचारी सगळ्यांसमोर त्यांना खोडणार. अप्पासाहेबांनी चिठ्ठी खिशात ठेवली, वाकले आणि नळीच्या तोंडाशी हात धरला.

"कुर्रर्र," ते म्हणाले. आणि मग कानात सांगायच्या आवाजात नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दोन हजार पाचशे पंचवीस."

गुद्दे मारायला उचललेले हात तसेच हवेत राहिले.

"अडीच?" यशवर्धन म्हणाला. "काका, गलत चिठ्ठी आहे. ही कृष्णरावची गाडी आहे."

"चिठ्ठी बरोबर आहे." अप्पासाहेब सरळ झाले. त्यांना बॉनेटच्या कडेचा आधार घ्यावा लागला. "अठ्ठ्याण्णव सालापासून यात अडीचचंच इंजिन आहे. तीनचं मी फोडलं."

पोहेवालासुद्धा झारा घेऊन तसाच उभा राहिला.

"मिल बंद झाली होती," ते म्हणाले. "मी नवीन दुकान टाकलं होतं. कृष्णराव आला, म्हणाला, अप्पा, तीनचं तीन पॉइंट दोन करून दे. इंदूरमध्ये कुणाकडे नाही. सिलिंडर ब्याण्णवपर्यंत वाढवावा लागत होता. मला ठाऊक होतं की भिंतीत तेवढं लोखंड नाही. मिलमध्ये असतो तर नाही म्हटलं असतं. पण मला पण तो आकडा पाहिजे होता. दुकानावर सांगता आलं असतं ना, की तीन पॉइंट दोन मी बनवलं. पाच सिलिंडर झाले. चौथा शेवटी ठेवला होता. त्यात टूल भिंतीच्या पार गेलं, पाण्याच्या पोकळीत. मी आवाजावरूनच समजलो. आत लोखंडी नळी, लाइनर, टाकून बघितली, टिकली नाही. इंजिनाचा ब्लॉकच भंगार झाला."

ते थांबले. मधुरिमाने पाण्याची बाटली पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही.

"तो ब्लॉक हिंदुस्थानात दुसरा मिळणार नव्हता. कृष्णरावला सांगितलं तेव्हा मला वाटलं, हा मला मारेल. तो खाली बसला, सिलिंडरमध्ये बोट घालून भोक बघितलं आणि म्हणाला, हाव माझी पण होती, अप्पा. मग कुर्ल्याच्या भंगारातून त्याने हा अडीचचा शोधून आणला. आम्ही दोघांनीच गुपचूप बसवला, बारसं न करता. मी म्हटलं, डिक्कीवरचा तीन काढू. तो म्हणाला, काढला तर लोक विचारतील तीनचं काय झालं, आणि मग तुझ्या दुकानात कुणी पाय ठेवणार नाही. राहू दे. माझ्या गाडीवर एक आकडा जास्त असला तर माझं काय जातं?"

त्यांचा आवाज फाटला.

"त्याचं गेलं ना. त्यानंतर तो दरसाल मोठ्या वर्गात उतरला. अर्धा लीटर कमी घेऊन. अडीचमध्ये उतरला असता तर भेद फुटला असता. माझं दुकान सतरा साल चाललं. तुमची सगळ्यांची इंजिनं मी केली, एकाचं पण वाकडं गेलं नाही, कारण त्या भोकाचा आवाज माझ्या कानात होता. आणि मी शब्द दिला होता, कुणाला सांगणार नाही. परवा ही पोर आली तर मी तिला पण झूठ लिही म्हटलं." ते मधुरिमाकडे वळले. "तुझा बाप झूठा नव्हता बेटा. झूठ माझं होतं. तो नुसतं उचलून चालला."

मधुरिमा रडत होती, उघड, तोंड न झाकता. मीही रडलो असेन, चष्मा ओला होता एवढं खरं. मी त्या माणसाला कधी भेटलो नव्हतो, आणि त्या क्षणी मला तो माझ्या सगळ्या ओळखीच्या माणसांपेक्षा मोठा वाटला. मी आकड्यांच्या मागे लागून लोकांना खोटं ठरवत फिरलो. या माणसाने एक खोटा आकडा पाठीवर घेतला आणि त्याच्याखाली दुसऱ्याचं आयुष्य उभं ठेवलं.

मग मला यशवर्धनची आठवण झाली. तो इंजिनाकडे बघत उभा होता, ओठ हलत होते. मला वाटलं, आता पेटणार.

"अठ्ठावन्न पॉइंट चार," तो म्हणाला. "या इंजिनात?"

"यातच," अप्पासाहेब म्हणाले.

"माझ्याकडे साडेतीन होतं." तो मान हलवायला लागला आणि हलवतच राहिला. "एक लीटर जास्त, काका! एक लीटर! आणि मी एकवीस साल घरी सांगून राहिलो आहे की बराबरीची टक्कर होती, थोडक्यात गेली." तो एकदम हसला, आणि ते हसणं मध्येच कुठेतरी ओलं झालं. "सुशांत भिया, अडीचच्या वर्गात सगळ्यात चांगला टाइम कुणाचा?"

"डॉक्टरांच्या भावाचा. बासष्ट पॉइंट दोन."

"म्हणजे कृष्णराव त्यात पण पहिला. जवळजवळ चार सेकंदांनी." त्याने टोपी काढली, आणि त्या लाल गाडीसमोर असा वाकला, जसे त्याचे पूर्वज सिंहासनापुढे वाकत असतील. "बोर्डावर दोन्ही ठिकाणी नाव लिहा. मी स्वतः लिहितो. क्या आदमी था यार."

मग कुणीतरी अप्पासाहेबांच्या पाठीवर हात ठेवला. दुसऱ्याने ठेवला. गुद्दे नव्हते ते. सगळे एकेक करून आले आणि म्हाताऱ्याच्या पाठीवर हात ठेवून गेले. मीही गेलो. त्यांच्या सदऱ्याखाली हाडं लागत होती.

पोहे वाटले गेले. मधुरिमाने डोळे पुसले आणि गाडीत बसली. बारसं झालेलं इंजिन तिने सुरू केलं. सहाही सिलिंडर एका सुरात लागले, एवढा स्वच्छ आवाज मी आमच्या टेस्टिंग बेडवरसुद्धा फार वेळा ऐकलेला नाही. ती उतरली, गाडीला वळसा घालून आली आणि डावीकडचं दार उघडून धरलं.

"अप्पाकाका, बसा."

अप्पासाहेब मागे सरकले. "नाही बेटा. तो दरसाल म्हणायचा, अप्पा, एकदा बस, घाटात नेतो. मी कधी बसलो नाही. कोणत्या तोंडाने बसू?"

"माहितीये. बाबा घरी येऊन चिडायचे. म्हणायचे, अप्पाने अख्ख्या शहराची इंजिनं बनवली, माझ्या गाडीत बसायला त्याला काय होतं?"

ती तशीच दार धरून उभी राहिली. इंजिन चालू होतं. शेवटी यशवर्धननेच त्यांचा कोपर धरला, आणि एकोणऐंशी वर्षांचा तो माणूस आधी पाठ, मग एक पाय, मग दुसरा, असं करत त्या खोल सीटमध्ये उतरला. मधुरिमाने पट्टा लावला. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि कान पुढे करून आवाज ऐकत राहिले, पहिला, दुसरा, तिसरा. चौथ्याला त्यांनी डोळे मिटले.

"सावकाश घे," ते म्हणाले. आवाज अजून घोगरा होता, पण आता तो कारागिराचा होता. "नवीन बोअर आहे. पहिले हजार किलोमीटर ताणायचं नाही. आवाज बदलला तर लगेच थांबायचं."

"मला कसं कळणार आवाज बदलला ते?" मधुरिमा म्हणाली. "हजार किलोमीटर तुम्हालाच बसावं लागेल, काका."

अप्पासाहेबांनी थोडा वेळ समोर पाहिलं, मग हात लांबवून दार ओढून घेतलं.